गुंडाची मूठ

माझी नात क्रांती मिल्ट्रीत भरती झाली, त्या सालची ही गोष्ट. गावभर पेढे वाटले, पण माझ्या धाकट्या भावाला, गुंडाला, पेढा गिळता आला नाही. अन्ननलिकेत गाठ निघाली. कोरेगावाहून सांगलीच्या दवाखान्यात नेईपर्यंत चहासुद्धा घशाखाली उतरेना. एके काळचा पैलवान गडी, पण चादरीखाली माणूस आहे की नाही, कळू नये असा झाला.

ऑपरेशनचे डॉक्टर म्हणाले, "एवढ्या अशक्त माणसाची जखम भरणार नाही. आधी ताकद आली पाहिजे." त्यांनी डॉ. संयोगिताबाईंना बोलावलं. आजारी माणसाला काय, किती आणि कुठल्या वाटेनं खायला घालायचं, हेच या बाईंचं काम. त्यासाठी वेगळं शिकलेले डॉक्टर असतात, हे मला तिथं कळलं.

गुंडाच्या पोटाला नळी बसवली. माझी भावजय सुलाबाई तूप घातलेल्या दुधाची किटली घेऊन हजर. बाईंनी किटली बाजूला ठेवली आणि नळीतून थेंबथेंब पातळ आहार सोडला.

सुलाबाई माझ्या कानाशी लागली, "आवं वन्सं, जेवणाची डॉक्टर म्हणत्यात, आन् माणूस उपाशी ठेवत्यात."

बाईंना ते ऐकू गेलं. "इतके दिवस उपाशी माणसाला एकदम भरपूर दिलं, तर रक्तातले क्षार घसरतात. हृदय बंद पडू शकतं. आज थोडं, उद्या जरा जास्त."

गुंडा पडल्या पडल्या पुटपुटला, "सुले, त्या म्हणत्यात तसं हुंदे. किटली तू पी. तू बी लय वाळलीयास."

बाई रक्त तपासायच्या आणि मगच माप वाढवायच्या. हळूहळू गुंडा उशीला टेकून बसू लागला. मग त्यांनी मुठीत दाबून ताकद मोजायचं एक यंत्र आणलं. त्याच्या काट्यापुढं लाल रेघ ओढली. "बाकी सगळं जुळत आलंय. काटा इथवर आला की मी ऑपरेशनला हो म्हणते. पण लवकर. गाठ आपल्यासाठी थांबणार नाही."

मग काय, वॉर्डाचा आखाडाच झाला. शेजारच्या खाटेवरचे लालासाहेब रोज डिवचायचे, "म्हशीची धार काढतुयास व्हय रं? दाब की."

"तुमी म्हशीगत वरडू नगा, मंग दाबतो," गुंडा म्हणायचा. पण काटा रेघेच्या अलीकडंच थांबायचा.

एका सोमवारी त्यानं दात आवळले. मानेची शीर फुगली. सुलाबाईनं तोंडाला पदर लावला. काटा रेघेवर गेला.

"पुन्हा," बाई म्हणाल्या.

पुन्हा गेला, रेघेच्या थोडा पुढंच. लालासाहेब सलाईनच्या हातानं टाळी वाजवायला गेले आणि नर्सची बोलणी खाल्ली. बाई हसत हसत ऑपरेशनच्या डॉक्टरांना बोलवायला स्वतःच पळाल्या.

ऑपरेशन झालं, जखम भरली. पहिला मऊ भाताचा घास गुंडानं तोंडात इतका घोळवला, की सुलाबाई म्हणाली, "गिळा की आता, का बाईंना बोलवू?"

गुंडानं गिळला.

पुढं तीन वर्षं तो सगळ्यांच्या पंगतीला बसून जेवला. मग गाठ परत उठली. गेल्या फाल्गुनात, होळीच्या आदल्या दिवशी, गुंडा वारला.