दुसरी भेग

भार्गवी मॅडम आमच्या पडवीत जेवायला बसल्या, तेव्हाच मला धास्ती वाटली होती. शिकलेल्या माणसाला त्याच्या विषयातलं काही विचारलं की तो गप्प राहत नाही.

भंडारदऱ्याच्या अंगाला आमचं गाव. इथे अधूनमधून जमीन हलते, मांडणीवरची भांडी वाजतात, आणि कुणी फारसं मनावर घेत नाही. मॅडम पुण्याहून शाळेत भूकंपाचं यंत्र बसवायला आल्या होत्या. गावात खानावळ नाही, म्हणून जेवण आमच्याकडे. सासूबाईंनी त्यांच्या ताटात भाकरी वाढली आणि विचारलंच.

"बाई, एक मोठा धक्का बसला की लगेच दुसरा येतो का वो?"

माझी तव्यावरची भाकरी करपली.

माझे मिस्टर सुनील कारखान्यांची यंत्रं बसवणारे फिटर. कंपनीने त्यांना तुर्कस्तानात पाठवलं होतं. २०२३च्या फेब्रुवारीत तिथे पहाटे भूकंप झाला, आणि ते वाचले. फोन आला तेव्हा ते रस्त्यावर उभे होते. वरून बर्फ, अंगावर नुसता बनियन. आमच्याकडे रीत अशी, की धक्का बसला की घरातली मोठी बाई उंबऱ्यावर तांब्याभर पाणी ओतते, 'धरणीमायनं कूस बदलली, आता निजंल' म्हणते आणि सगळे आत जातात. सासूबाईंनी इथल्या उंबऱ्यावर पाणी ओतलं आणि फोनवर म्हणाल्या, "झालं बाळा, आता आत जा. गारठशील."

दुपारी दुसरा भूकंप झाला. ते त्यांच्या खोलीतच सापडले.

आम्ही सासूबाईंना सांगितलं, दुसऱ्या धक्क्यात रस्त्यावरचेही गेले, बाहेर असते तरी वाचले नसते. हे खोटं मी जिवापाड जपलं होतं. टीव्हीवर भूकंपाचं काही लागलं की मी चॅनेल बदलायची. माझा नवरा गेला, आता म्हातारीने स्वतःला खात बसू नये, एवढंच मला हवं होतं.

मॅडमना यातलं काय माहीत? त्यांनी पायाखालची जुनी गोधडी उचलली. "आजी, जमिनीत एकच भेग नसते, भेगांचं जाळं असतं. हा टाका उसवला की ओढ शेजारच्या टाक्यावर येते ना, तसंच. तुर्कस्तानात सुरुवात एका बाजूच्या लहान भेगेत झाली. तिथून फाटत फाटत ते मोठ्या भेगेत शिरलं आणि लांबवर पळालं. त्यानं शेजारच्या दुसऱ्याच भेगेवर ताण वाढला. दुपारी ती सुटली."

"म्हंजे तीच परत न्हाई हलली?"

"नाही. दुसरी."

"आन जे भायेर ऱ्हायले?"

मी जोरात खोकले. मॅडमनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "मोकळ्या जागेत थांबलेले बरेचसे वाचले, आजी. म्हणून तर आम्ही सांगतो, घाईनं आत जाऊ नका."

मला त्या बाईच्या हातातून ती गोधडी हिसकावून घ्यावीशी वाटली. सासूबाई मात्र शांतपणे म्हणाल्या, "आमटी वाढू का आजून?"

मॅडम शाळेकडे गेल्या. सासूबाई ताट घासायला मागल्या दारी बसल्या, आणि तेच एक ताट घासत राहिल्या. मी जवळ जाऊन बसले. मला रडू आवरेना.

"आई, तुमच्या सांगण्यावरून नाही गेले ते आत. थंडी होती, थकले होते. कुणी काही म्हटलं नसतं तरी गेलेच असते."

त्यांनी ताट खाली ठेवलं.

"जल्मभर त्यानं माझं एक न्हाई ऐकलं, रेश्मा. शाळा सोडू नगं म्हनले, सोडली. परदेशी जाऊ नगं म्हनले, गेला. त्या दिवशी मी आत जा म्हनले, तर 'व्हय आई' म्हनला."