भंडारा टाकलेली घोंगडी

मी एक जुनी, काळी घोंगडी आहे. मित्रांनो, ही गोष्ट मोठ्या माणसांची आहे. ती मला नीट सांगता येईल का, याची मला शंकाच आहे.

इंदापूर तालुक्यातल्या वरकुट्याला जोतीरामच्या वडिलांनी घरच्या मेंढरांच्या लोकरीतून मला विणून घेतलं. चिंचोक्याची खळ देऊन कडक केलं. पुढे मेंढरं गेली, ऊस आला. जोतीरामचं जयवंताशी लग्न झालं आणि मी त्या दोघांचं अंथरूण झाले.

सत्त्याण्णव साली जयवंताला गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर निघाला. पुण्याला किरणांचे उपचार झाले. गावात त्यांना ‘शेक’ म्हणत. ती बरी होऊन घरी आली. पण काही महिन्यांतच जोतीरामनं मला गुंडाळलं आणि तो मळ्यातल्या विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत झोपू लागला.

जयवंताला संशय आला. शेजारच्या मळ्यातली तानूबाई त्याला रोज चहा द्यायची. तिचं हसणं मलाही आवडेना. मी लक्ष ठेवून होते. इकडे सासू बानूबाईनं जयवंताचं ताट वेगळं केलं. अखेर जयवंतानं सुप्याला, माहेरी, कायमचं जायचं ठरवलं.

निघण्याआधी ती भर दुपारी मळ्यात आली. मला अंथरून तिनं माझ्यावर बिरोबा देवाचा भंडारा टाकला. आमच्या लोकांत अशा घोंगडीवर बसून कुणी खोटं बोलत नाही.

“बसा. तानूबाईचं काय हाय?”

“च्या देती. त्यातबी साखर नसती.”

“मग हितं का निजता?”

त्यानं माझी लोकर चिमटीत धरली.

“तू आल्यावर आपुन जवळ आलो, तवा तू दात दाबून रडलीस. रगत गेलं. वाटलं, माझ्यामुळंच आजार फिरून उठला. आई म्हणती, मलाबी लागंल. ते ऱ्हाऊ दे. तुला दुखवायचं भ्याव वाटतं.”

“मला सांगायचं व्हतं की.”

“तू तरी डॉक्टरला सांगितलंस?”

“न्हाय. लाज वाटली.”

सुप्याची एसटी तिच्याविना गेली. पुढच्या तपासणीला दोघं मिळून गेले. मी जोतीरामच्या खांद्यावर होतेच. तपासून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आजार उलटलेला नाही, आणि जवळ आल्यानं तो दुसऱ्याला लागतही नाही. किरणांमुळे योनिमार्ग कोरडा पडतो, आखडतो. त्यांनी ओलाव्यासाठी जेली दिली, मार्ग आखडू नये म्हणून एक गुळगुळीत नळी दिली आणि ती कशी वापरायची ते समजावलं. “घाई करू नका. दुखलं तर थांबा. रक्त गेलं तर लगेच या.”

दुखणं एकदम गेलं नाही. पण जोतीरामनं मला घरी आणलं. काही रात्री ती नको म्हणते, तेव्हा दोघं नुसते बोलत पडतात.

बानूबाई जेली-नळीच्या पुडक्याकडे अजून संशयानं बघते.

“औषध म्हणं. कशाचं गं?”

“तुमच्या लेकाला घरात ठेवायचं,” जयवंता म्हणते.

मित्रांनो, मला ऊन दाखवलंत की माझी निगा झाली. माणसाचं तसं नाही. घरातली बाई असल्या उपचारातून परतली, तर तिला कुठं दुखतं ते विचारा, आणि तिच्याबरोबर डॉक्टरकडे जा.