एकोणीस लिफाफे

निवाऱ्याच्या कार्यालयात एक लोखंडी कपाट होतं आणि त्या कपाटावर अधीक्षिकाबाईंचा भारी जीव होता. हे घर होतं सोडवून आणलेल्या बायकांसाठी. कुणी बंद कारखान्यातून आलेली, तर कुणी अशा एखाद्या घरातून, जिथे वर्षानुवर्षं राबवून घेतलं पण दाराबाहेर पाऊल टाकू दिलं नाही. येणाऱ्या प्रत्येकीचे कागद आणि फोन दारातच लिफाफ्यात घालून घेतले जात, वर नाव लिहिलं जाई आणि लिफाफा कपाटात जाई. हवा असेल तर अर्ज करायचा. बाहेर जायचं असेल तर वहीत कारण लिहून परवानगी मागायची. हा नियम बाईंनी उगाच केला नव्हता. पूर्वी एकीचे कागद खोलीतून चोरीला गेले होते, आणि दुसरीला तर तिच्या मालकाने फोनवरूनच हुडकून काढलं होतं. तेव्हापासून हे कपाट. आपल्या मंडळींना कुठल्याही दुखण्यावर पहिलं औषध कुलूपच सुचतं, तसंच हे.

सगळ्यात शेवटी आलेली बाई सहा आठवड्यांपूर्वी आली होती, तरी तिला अजून सगळ्या ‘नवी’च म्हणत. अकरा वर्षं ती एका घरात होती. त्या घरातल्या आजारी आजींचं अंथरूण-पांघरूण, मुलांचे डबे, फरशी, कपडे, सगळं तिच्याकडे. झोपायला इस्त्रीच्या टेबलाखालची जागा. तिचा पासपोर्ट आणि फोन मालकिणीच्या ताब्यात आणि बाहेरच्या दाराची किल्लीही मालकिणीच्याच पर्समध्ये. आजींना व्यायाम द्यायला येणाऱ्या फिजिओथेरपिस्टच्या हे लक्षात आलं. तिने घरात कुणापाशी ब्र काढला नाही, सरळ मदतीच्या क्रमांकावर फोन केला, म्हणून नवी सुटली, आणि सोडवणाऱ्यांनी तिचा पासपोर्ट आणि फोनही मालकिणीकडून काढून आणला.

सुटली खरी, पण तिच्या चेहऱ्यावर त्याचा काही पत्ता नव्हता. सही कर म्हटलं की करायची. जेव म्हटलं की जेवायची. कुणी न सांगता जिना पुसून काढायची आणि पुसून झाला की पुन्हा पुसायची. रडली नाही, हसलीही नाही. अधीक्षिकाबाईंनी तिच्या फाइलवर लिहिलं होतं, ‘शांत स्वभाव, नियम पाळते.’ अशा फाइली बाईंना आवडत.

बुधवारी दुपारी नवी कार्यालयाच्या दारात येऊन उभी राहिली. बस म्हटल्यावर बसली. मग टेबलाच्या कडेकडे बघत म्हणाली, “ताई, मी परत जाऊ का?”

“कुठे?”

“त्या घरी.”

बाईंच्या हातातलं पेन थांबलं. शुक्रवारी तिचा जबाब नोंदवायला वकीलबाई येणार होत्या. तो जबाब झाला की मालकिणीवर रीतसर खटला उभा राहणार होता. आता ही परत गेली तर खटला तर जाईलच, पण ही बाईही त्या दाराआड पुन्हा कुणाला दिसणार नाही, हे बाईंना पुरतं ठाऊक होतं. इथे तुला काय कमी आहे, असं त्यांनी दोन-तीन तऱ्हांनी विचारलं. नवीने सांगितलं की कमी काही नाही. तिथलं काम माहीत आहे, एवढंच.

“परवानगी नाही,” बाई म्हणाल्या.

“बरं,” नवी म्हणाली आणि उठून गेली. थोड्या वेळाने जिन्यावर बादलीचा आवाज आला.

बाईंनी सुटकेचा नि:श्वास टाकला आणि चहासाठी स्वयंपाकघरात गेल्या. तिथे मावशींचं राज्य. मावशी या निवाऱ्याच्या स्वयंपाकीण, पण पंधरा वर्षांपूर्वी त्याही अशाच सोडवून आणलेल्या. कोळंबी सोलण्याच्या एका शेडमध्ये सात वर्षं गेलेली. त्यांची बोटं अजूनही नीट सरळ होत नसत. बाईंनी घडलेलं सांगितलं आणि वर म्हणाल्या की मी ठाम राहिले म्हणून बरं, नाहीतर पोरगी आगीतून सुटून पुन्हा आगीतच जात होती.

मावशींनी गॅस बारीक केला. “मग काय म्हणाली ती?”

“बरं म्हणाली.”

“अकरा वर्षं तिथे काय म्हणत होती?”

बाईंना राग आला. आपण आणि ती मालकीण एका पंगतीत? मी तिच्या भल्यासाठी करते, त्या म्हणाल्या. कागद सुरक्षित राहावेत म्हणून ठेवते.

“आमचा मुकादमही तेच सांगायचा,” मावशी म्हणाल्या. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता, भाजी चिरताना बोलावं तसं त्या बोलत होत्या. “हरवाल गं, माझ्याकडे ठेवा, म्हणायचा. तुमचं मन वेगळं आहे, ते मला माहीत आहे ताई. पण तिला कसं कळणार? तिला दिसतं ते इतकंच, की तिथे कागद बाईंच्या कपाटात होते आणि इथेही बाईंच्या कपाटात आहेत. तिथे बाहेर जायला विचारावं लागायचं, इथेही विचारावं लागतं. मग ओळखीचं घर काय वाईट?”

“आणि दिलेले कागद तिने हरवले तर?”

“हरवले तर तिचे हरवतील. रडेल, आपण नवे काढायला मदत करू. पण हरवायला तरी आधी तिच्याकडे असायला हवेत ना?”

बाईंचा चहा तसाच राहिला. खोटं कशाला बोला, त्यांना लगेच पटलं नाही. आपली चूक इतक्या चटकन पटणारी माणसं गोष्टींतच असतात. त्या कार्यालयात गेल्या आणि सवयीने कपाट उघडून लिफाफे मोजले. एकोणीस. सगळे जागच्या जागी, सगळ्यांवर त्यांचंच सुवाच्य अक्षर. एकोणीस बायका आपण सोडवून आणल्या आणि एकोणीसजणींना पुन्हा कुलपात घातलं! हे मनात आलं तेव्हा बाईंना ना रडू आलं, ना लाज वाटली. त्या नुसत्या कपाटासमोरच्या स्टुलावर बसून राहिल्या.

मग त्यांनी नवीला बोलावलं. तिचा लिफाफा फोडून पासपोर्ट आणि फोन तिच्यासमोर ठेवला.

“हे तुझं आहे. मी ठेवून घ्यायला नको होतं,” त्या म्हणाल्या. “जायचं असेल तर मी अडवणार नाही. जाऊ नकोस असं मला वाटतं, पण ते माझं वाटणं झालं.” फोनवरून मालकिणीच्या माणसांना ती सापडू नये म्हणून त्यात काय बंद ठेवायचं, तेही त्यांनी दाखवून दिलं. मदतीचा क्रमांक लिहून दिला. कधीही कर, उद्या कर, वर्षाने कर, परत गेल्यावर तिथून कर, असं सांगितलं. शुक्रवारी जबाब दिला नाहीस तरी इथलं जेवण आणि खाट बंद होणार नाही, हेही सांगितलं. हे त्यांनी याआधी कुणालाच सांगितलं नव्हतं, कारण ते सांगायचं असतं हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

नवीने पासपोर्ट उघडला. आतला फोटो तिने बराच वेळ पाहिला, दुसऱ्या कुणाचा असावा तसा.

“आत्ता जाऊ?”

“जा.”

ती पिशवी खांद्याला लावून गेली. वहीत काही लिहिलं नाही. बाई खिडकीत उभ्या राहिल्या नाहीत, कारण उभं राहणं म्हणजेही पाळत ठेवणंच, असं त्यांना वाटलं. त्यांनी एक फाइल उघडली आणि दोन तास तिचं पहिलंच पान वाचलं. मागे जाऊन तिला आणावं असं चार वेळा मनात आलं. मावशी दोनदा दारात डोकावून गेल्या.

साडेपाचला नवी परत आली. पिशवी खांद्यालाच होती. या वेळी बस म्हणायच्या आधीच बसली.

“त्या घराच्या कोपऱ्यापर्यंत गेले,” ती म्हणाली. “गॅलरीत कपडे वाळत होते. चिमटे चुकीचे लावले होते. शर्टाला खांद्यावर लावले की डाग पडतो.”

“मग?”

“मग वाटलं, वर जाऊन नीट करावेत.” तिने पिशवी खांद्यावरून काढून खाली ठेवली. “मग वाटलं, ते माझं काम नाही.”

आपण काही बोललो तर त्या वाक्याला धक्का लागेल, असं बाईंना वाटलं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी उरलेले अठरा लिफाफे वाटले. ज्यांना कपाटच बरं वाटत होतं अशा पाचजणींनी ते परत आणून दिले, तेव्हा बाईंनी प्रत्येकीला कपाटात वेगळा कप्पा आणि त्याची किल्ली दिली. शुक्रवारी नवीने वकीलबाईंना सांगितलं की आज जबाब देणार नाही, पुढच्या आठवड्यात बघू. बाईंना ते आवडलं नाही, पण त्यांनी मान डोलावली.

वाचकहो, कुणाच्या घरात, दुकानात, कारखान्यात असं अडकलेलं माणूस दिसलं, तर मालकाला जाब विचारायला जाऊ नका. त्याचा त्रास त्या माणसालाच होतो. मदतीच्या क्रमांकावर गुपचूप कळवा. एवढं तर आपण केलंच पाहिजे. पण सोडवून आणलं म्हणजे आपलं काम झालं, आता तिने आपलं ऐकावं, असं मात्र समजू नका. तिला विचारा, आणि तिचं उत्तर आपल्याला आवडलं नाही तरी ते तिचंच राहू द्या. ज्या बाईने अकरा वर्षं नुसतं ‘बरं’ म्हटलं, तिच्या तोंडून ‘आज नाही’ ऐकायला मिळालं, तर ती आता कुठे सुटायला लागली आहे, एवढं समजावं.