पहिला गिअर खाली

"बाईमाणूस आहे, चुकायचाच गिअर," असं हरिहर काका लिफ्टमध्ये चारचौघांना म्हणाले, आणि संध्याकाळपर्यंत ते दक्षताच्या कानावर आलं. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जाणारच हो! गाडी आदळली ती काकांच्या हातून, दिवसाढवळ्या, आणि सोसायटीभर बोभाटा झाला तो तिच्या नावाने. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

गाडीची हकीकत आधी सांगायला हवी, नाहीतर कोणालाही वाटेल, एका गिअरचं एवढं काय. दक्षता मूळची ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातली. तिचे बाबा, नामा, गोदीत क्रेन चालवायचे. तिथल्या एका शेडमध्ये कोणा परदेशी साहेबाने मागे टाकलेली लाल स्पोर्ट्स कार गंजत पडली होती. दोन दरवाज्यांची, जमिनीला पोट टेकलेली. लिलावात ती भंगार म्हणून निघाली आणि नामाने उचलली. अख्खा कोळीवाडा हसला. "हसा," बाबा म्हणाले, आणि वागळे इस्टेटमधल्या एका दोस्ताच्या शेडमध्ये दर सुट्टीला तिचा एकेक भाग खोलत बसले. हाताशी पाने द्यायला दक्षता. गाडी रस्त्यावर आली तोवर पोरगी कॉलेजात गेली होती.

ह्या गाडीचा गिअरबॉक्स उफराटा. आपल्या गाड्यांत पहिला गिअर डावीकडे वर असतो; हिच्यात त्या जागी रिव्हर्स. पहिला हवा तर दांडा डावीकडे ओढून खाली घ्यायचा. "शर्यतीची गाडी हाय गो," बाबांनी तिला शिकवताना सांगितलं होतं. "पयला फकस्त सुटायला लागतं. मंग दुसरा-तिसरा समोरासमोर, चौथा-पाचवा समोरासमोर. हात कसा सरळ जातं बघ." शर्यतीत ते ठीक. सोसायटीसमोरच्या कायम तुंबलेल्या घोडबंदर रोडला मात्र पहिला आणि दुसरा एवढेच काय ते गिअर नशिबात असतात, म्हणजे ह्या रस्त्याला ह्याहून गैरसोयीची गाडी शोधून सापडायची नाही. तरी दक्षता ती चालवायची, आणि अशी चालवायची की शेजारी बसलेल्याला गिअर कधी बदलला ते कळूही नये. बाबा गेल्यावर भावाने, भावेशने, घरची होडी घेतली आणि हिने गाडी. तेव्हापासून, काकांच्या आधी, त्या दांड्यावर दुसऱ्या कोणाचा हात पडला असेल तर तो एकदाच, तिच्या नवऱ्याचा.

लग्न नवं होतं. सुदेश ऐटीत बसला, माजिवड्याच्या सिग्नलला थांबला, दिवा हिरवा झाला आणि गाडी निघाली मागे. मागच्या रिक्षावाल्याने त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. त्या दिवसापासून सुदेशने कानाला खडा लावला. चूक लाजेची नाही, हाताची सवय आहे ती. नव्या माणसाचा हात वरच जातो. जुन्याचा जात नाही, एवढंच.

तर शनिवारी सकाळी असं झालं. दक्षता गाडी घेऊन गेटकडे निघाली आणि समोरून पाण्याचा टँकर आत घुसला. बाजूला कुठे सरकता येईल ते बघायला ती खाली उतरली. गाडी चालूच होती. तेवढ्यात सकाळचा फेरफटका आटोपून हरिहर काका आले. सोसायटीचे चेअरमन, सत्तरीचे, पायात पांढरेशुभ्र बूट.

"बाळ, तू हो बाजूला. मी काढतो."

सेहेचाळीस वर्षांच्या बाईला बाळ! आणि म्हणेपर्यंत दार उघडून बसलेसुद्धा.

"काका, थांबा! ह्याचा पहिला खाली आहे. वर टाकू नका!"

"अगं, मी ॲम्बेसेडरपासून चालवतोय. तू मला गिअर शिकवणार?"

दांडा गेला डावीकडे वर. क्लच सुटला, गाडी उसळी मारून मागे गेली आणि लॉनपाशी उभ्या केलेल्या काळ्या ग्रॅनाइटच्या फलकावर धाडकन आदळली. कार्यकारिणीची नावं सोनेरी अक्षरांत कोरलेला, गुढीपाडव्याला हार घालून उघडलेला फलक. काकांचं नाव सगळ्यांत वर होतं, ते आता दोन तुकड्यांत गवतावर पडलं.

काका उतरले. टँकरवाला भोंगा वाजवत सुटला होता. "पुढे घे, आधी पुढे घे ती!" काकाच ओरडले. दक्षता बसली, गाडी पुढे घेतली, बाजूला लावली. आवाज ऐकून माणसं धावत आली आणि त्यांना दिसलं ते एवढंच: फुटलेला फलक आणि गाडीत बसलेली बाई.

"काय झालं हो काका?"

"काय व्हायचं? गिअर चुकला," काका म्हणाले. कोणाचा ते म्हणाले नाहीत.

"काका चालवत होते!" दक्षता म्हणाली.

काका हसले. तिच्या डोक्यावर हात ठेवला. "घाबरलंय बाळ."

झालं! तिने दहादा सांगितलं, आणि दहादा लोक समजूतदारपणे मान हलवून गेले. टँकरवाला पाणी ओतून कधीच पसार झाला होता. त्या बाजूचा कॅमेरा गणपतीपासून आंधळा. राहता राहिला वॉचमन भिवा. तो जमिनीकडे बघत म्हणाला, "मी पंप बंद करायला गेलेलो, मॅडम." गेटवर उभं राहून टँकर आत घेत होता तो! पण त्याची नोकरी काकांच्या सहीवर, त्याला काय बोलणार. बोलायचं त्यांना, ज्यांच्या पोटाला कोणी हात लावणार नव्हतं.

संध्याकाळी व्हॉट्सॲपवर नोटीस आली. रविवारी सकाळी क्लब हाऊसमध्ये मीटिंग. विषय: सोसायटीच्या आवारातून धोकादायक जुनी गाडी हलवणे.

दक्षताने सुदेशला सगळं सांगितलं, अगदी बाळपासून डोक्यावरच्या हातापर्यंत. सुदेश शांतपणे ऐकत होता. भला माणूस. सगळ्यांशी जुळवून घेणारा, काकांच्या कमिटीत जॉइंट सेक्रेटरी, कोणाशी वाकडं नाही. "उद्या मी बोलतो," तो म्हणाला. "तू चिडू नकोस. मी बोलतो ना." तिला तेवढं पुरलं. गाडी राहो न राहो, आपला माणूस चारचौघांत उभा राहून खरं काय ते सांगणार, ह्या एका भरवशावर ती झोपली.

रविवारी क्लब हाऊस भरलेलं. पोहे, चहा, प्लास्टिकच्या खुर्च्या. सेक्रेटरी प्राप्तीने नोटीस वाचली. काका मधोमध बसले होते, चेहऱ्यावर क्षमाशील भाव. पडलं तरी नाक वर! मग सुदेश उठला. दक्षता खुर्चीत सरसावून बसली.

"आमच्या हिच्याकडून काल जे झालं," सुदेश म्हणाला, "त्याबद्दल मी सगळ्यांची माफी मागतो. फलक आम्ही नवा करून देऊ. गाडी सासऱ्यांची आठवण आहे, ती राहू द्या. यापुढे गेटमधून आत-बाहेर मीच काढत जाईन."

टाळ्या पडल्या. खरंच पडल्या. "ह्याला म्हणतात समजूतदारपणा," काका म्हणाले. "घरातला पुरुष खंबीर असला की प्रश्न सुटतात."

दक्षताला आधी काही ऐकूच येईना. मग कानशिलं तापली आणि ती उठली.

"सुदेश, ह्या गाडीचा पहिला गिअर कुठे आहे?"

"अगं, बस ना."

"सांग की. कुठे आहे?"

"खाली."

"आणि वर टाकला तर?"

"मागे जाते."

"मी ती कॉलेजात असल्यापासून चालवतेय. मी टाकेन वर? तुला काय वाटतं ते सांग ह्यांना."

सगळा हॉल सुदेशकडे बघू लागला. सुदेश काकांकडे बघू लागला. काकांनी बशीत चहा ओतला आणि त्यावर फुंकर घातली.

"माणूस आहे," सुदेश म्हणाला. "चूक कोणाकडूनही होते."

सुदेशने मांडला तसा ठराव एकमताने मंजूर झाला.

दक्षता खाली आली आणि गाडीत बसली. मागचा दिवा फुटलेला, बंपर वाकलेला. तिने गाडी चालू केली तसा सुदेश धावत आला आणि डाव्या बाजूच्या खिडकीची कड धरून वाकला.

"अगं, असं काय करतेस! मला काय माहीत नाही का? काकांनीच फलकावर घातली ती. काल तू सांगायला लागलीस तेव्हाच कळलं मला. तू चुकणारच नाहीस."

"कळलं होतं तुला?"

"हो ना. पण सत्तरीचा माणूस, त्यांना भर मीटिंगमध्ये खोटं पाडायचं? आणि गाडी राहिली ना शेवटी? तुला माहीत, मला माहीत. बस झालं."

त्याने शंका घेतली असती तर तिला परवडलं असतं. शंका घेणाऱ्याशी भांडता तरी येतं. हा माणूस सगळं जाणून तिच्या नावाने माफी मागून आला होता, वर टाळ्या घेऊन आला होता, आणि तिनेही त्यात धन्यता मानावी अशी त्याची अपेक्षा होती. इतका राग तिला काकांचाही आला नव्हता.

"मग जा वर," ती म्हणाली. "सगळे आहेत अजून. जास्त काही नको. गाडी काका चालवत होते, एवढं एक वाक्य बोल आणि ये. मी थांबते."

सुदेशने वर पाहिलं. क्लब हाऊसच्या खिडक्या उघड्या होत्या. कपबशा वाजत होत्या, काका कसल्याशा गोष्टीवर मोठ्याने हसत होते.

"उद्या सांगतो," तो म्हणाला. "एकटे भेटले की सांगतो त्यांना. नक्की."

"त्यांना काय सांगायचंय? त्यांना माहीत आहे. हात काढ."

"कुठे निघालीस?"

"वागळे इस्टेटला. गाडीसाठी शेड बघते. आणि आज मी घरी येणार नाही, भावेशकडे राहीन. हात काढ, सुदेश."

त्याने हात काढला. गाडी जराही हिसका न देता सुटली. भिवाने गेट उघडून धरलं होतं. ती घोडबंदर रोडला वळेपर्यंत सुदेश तिथेच उभा राहिला.

वरच्या खिडकीतून कोणीतरी मजेने ओरडलं, "काय हो सुदेशभाऊ, गाडी तुम्ही काढणार होतात ना?"

आणि सुदेश, सवयीने, वर बघून हसला.