खुर्ची मानवली का?

प्रश्न १. खुर्ची वापरून किती महिने झाले?

"आठ," गुरुशांतनं ठोकून दिलं.

सईनं फॉर्मवरचं पेन उचललं आणि कोपऱ्याकडे पाहिलं. मणक्याला मार बसलेल्यांना संस्थेनं दिलेल्या चाकाच्या खुर्च्या मानवल्या का, हे विचारत ती सोलापुरात घरोघर फिरत होती. कोपऱ्यात चादरीनं काहीतरी झाकलं होतं. खालून दोन चाकं दिसत होती. त्यांच्यावरचा कागदही निघाला नव्हता.

गुरुशांत दारातल्या प्लास्टिकच्या खुर्चीत होता. सकाळी त्याची आई नागव्वा आणि शेजारचा शिवप्पा त्याला उचलून तिथे ठेवत, दुपारी उचलून खाटेवर. चार वर्षांपूर्वी लग्नाच्या मांडवाला लायटिंग बांधताना तो शिडीवरून पडला, तेव्हापासून हेच.

प्रश्न ४. बसायला आराम वाटतो का? एक ते पाच.

"पाच."

"दादा, खोटं लिहू?"

"लिवा की. आकडा चांगला हाय."

नागव्वा चहा घेऊन आली. "काय इचारालाव, म्याडम?"

"खुर्ची झाकून का ठेवलीय, आजी?"

"नवी हाय म्हणून. वापरली की मळती. ह्येचं पाय आलं की जशीच्या तशी परत द्यायची. दुसऱ्याची वस्तू."

प्रश्न ५ ते ८ सईनं सोडून दिले.

"वापरात नसेल तर मला तसं लिहावं लागेल. मग ती यादीतल्या पुढच्या माणसाला जाते. मंगळवेढ्याच्या एक बाई थांबल्यात."

"न्या की!" नागव्वा खुलली. "आजच न्या. येत्या गड्ड्याच्या जत्रंला चालत नेते बघा ह्येला."

प्रश्न ९. घराबाहेर एकटे कुठे जाता?

गुरुशांतनं आपल्या पायांकडे पाहिलं. रोज सकाळी पूजा झाली की आई, त्याची अव्वा, त्याच्या पायांच्या तळव्यांना तेल चोळायची आणि विचारायची, "कळालं का रं?" तो म्हणायचा, "थोडं." तेवढ्यावर तिचा दिवस निघायचा.

"अव्वा."

"काय रं?"

"तू तेल चोळतीस नव्हं... मला कायबी कळत न्हाई. कधीच कळलं न्हाई."

नागव्वा कपबशा गोळा करू लागली. चहा अजून कुणी प्यायला नव्हता.

"थोडं म्हणालतास की."

"तुज्यासाटी म्हणालतो. पाय यायचे न्हाईत, अव्वा. खुर्ची राहू दे."

शेरा (असल्यास):

नागव्वानं भरल्या कपबशा ओट्यावर ठेवल्या. मग ती कोपऱ्यात गेली. चादर ओढून तिनं घडी घातली. काठाला काठ जुळेना. मोडली, परत घातली.

"बस," ती म्हणाली. "बघू तरी कसा दिसतोस."

खुर्चीसोबत आलेली सरकायची फळी सईनं दोन्ही खुर्च्यांच्या मध्ये लावली. दवाखान्यात शिकवल्याप्रमाणे तो हातांवर भार देत त्या खुर्चीत आला आणि आपले पाय आपणच उचलून खालच्या पट्टीवर ठेवले. नागव्वाचे हात पुढे आले होते. ते तसेच थांबले.

दारापुढची एक पायरी सईनं मागून धरून उतरवली.

"सोडा आता," तो म्हणाला.

वीस-पंचवीस हात जाईपर्यंत चाकं ढकलून त्याचे तळहात पोळले. यंत्रमागांचा खडखडाट ऐकू येणाऱ्या भिंतीला वळसा घातला, तसं घर दिसेनासं झालं. तो थांबला. मागे कुणाची धाप नव्हती. उचलताना अव्वाला लागायची तशी.

खिशातला फोन वाजला.

"गुरू, कुटं हायस रं?"

चार वर्षांत हा प्रश्न त्याला कुणीच विचारला नव्हता. त्यानं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. उत्तर द्यायची घाई नव्हती.

"इस्त्रीवाल्याच्या म्होरं," तो म्हणाला. "येतो जरा येळानं."

फोन दोघांनीही ठेवला नाही.