पहिल्या पेंढ्यांची गाडी

मित्रांनो, राय नावाच्या धान्याच्या पेंढ्या वाहून म्हातारी झालेली मी एक लाकडी गाडी. जर्मनीतल्या नेकार नदीकाठच्या सुताराने मला घडवलं आणि बाल्थस शेतकऱ्याच्या अंगणात मी वर्षानुवर्षं सुखाने करकरले.

मग १८१६ साल आलं. त्या वर्षी उन्हाळा आलाच नाही. थंडी-पावसाने पीक शेतात कुजलं, लोकांनी पावाच्या पिठात लाकडाचा भुसा मिसळला. मी कोपऱ्यात पडून राहिले. माझ्या चाकांत कोळ्यांनी जाळी विणली.

पण देव दयाळू. पुढच्या वर्षी राय पिकली. आमची रीत अशी, की पहिली गाडी चर्चच्या दारी पोचल्याशिवाय कुणी पेंढी झोडायची नाही. चर्च टेकडीवर, आणि दुष्काळानंतर गावात घोडा एकही उरला नव्हता. बाल्थसची बायको रोझीन हिच्या अंगात तान्ह्याला पाजायला दूध नव्हतं. गाडी वर गेली, तरच तिच्या चुलीवर पेज चढणार होती.

"मानहाइम शहरात म्हणे एक साहेब पायांनी रेटत दोन चाकांची बिनघोड्याची गाडी पळवतोय," बाल्थस दोर खांद्यावर घेत म्हणाला.

"त्याला म्हणावं, ये इकडे, आमचा चढ चढून दाखव," शेजारची म्हातारी उर्झेल म्हणाली.

सगळं गाव स्तोत्र गात मला ओढू लागलं. पण चर्चमध्ये ओळ संपली की सगळे थांबून लांब श्वास घेतात. इथेही तसेच थांबले, आणि मी मागे घसरले. पुन्हा ओळ, पुन्हा घसरण. माझं एक चाक वाटेलगतच्या ओढ्याच्या कडेला आलं.

"सगळे एकदम दम घेऊ नका," रोझीन म्हणाली. "पुढच्यांची ओळ संपायच्या आत मागच्यांनी दुसरी उचला."

"रोझीनबाई, स्तोत्र असं वाटून गात नाहीत," चर्चचे पाळकसाहेब म्हणाले.

"मग अर्धीच गाडी वर नेऊ का? तुम्ही मागे या, तुमचा आवाज मोठा."

पाळकसाहेबांनी झगा खोचला आणि माझ्या पाठीला खांदा लावला. मग गाणं कुठे तुटलंच नाही, आणि मीही थांबले नाही. इतकं गोड गाणं मी पुन्हा ऐकलं नाही.

चर्चच्या दारी पाळकसाहेबांचा घसा पार बसला होता. प्रवचन राहिलं. टोपी काढून ते एवढंच म्हणाले, "जा, झोडा."

संध्याकाळी रोझीन वाडगाभर पेज प्याली आणि तान्ह्याला शालीखाली पाजायला घेऊन बसली.

आता मुलं माझ्यावर चढून खेळतात. खुशाल खेळा, मित्रांनो. फक्त वर्षातून एकदा माझ्या आसाला थोडी चरबी चोळा. आणि गाता गाता शेजारचा दमला, तर त्याची ओळ तुम्ही उचला.