तिथं कोण राहतं

आभाराची स्लाइड शेवटची होती. सरांनी लॅपटॉप किंचित आपल्याकडे वळवला आणि ती पुन्हा वाचली. पांढऱ्या बर्फावर निळी अक्षरं: ‘कॅथरीन टीचर, तुमच्यामुळे.’ एवढंच. पुढे आणखी एखादं नाव असेल म्हणून त्यांनी बाण दाबला, तर काळा पडदा आला.

आखातातल्या बौशरमधल्या एका इमारतीच्या त्या हॉलमध्ये खुर्च्या मांडल्या जात होत्या. महिन्यातून एका शुक्रवारी संध्याकाळी मराठी मंडळी इथं जमत, कुणीतरी बोले, मग समोसे आणि चहा. प्रोजेक्टर कायम जनार्दन सरांकडे. आज मेलिसा बोलणार होती. नॉर्वेच्या पार वरच्या टोकाला ती उत्तर ध्रुवाकडच्या प्रदेशांचं पर्यावरण, तिथला कारभार आणि हवामानबदलातला न्याय-अन्याय असं काही शिकत होती. सुट्टीत आईवडिलांकडे आली होती. मराठी अक्षरं नीट दिसतात का ते बघायला तिने पेनड्राइव्ह सरांच्या हातात दिला होता.

तिला भूगोल सरांनीच शिकवला होता. शाळेत उत्तर ध्रुव म्हणजे जनार्दन सर. तो धडा ते पुस्तक न उघडता शिकवत. समुद्रात तरंगणारे हिमनग, सहा महिन्यांची रात्र, हिरवा प्रकाश. मेलिसाला तिकडची स्कॉलरशिप मिळाली तेव्हा स्टाफरूममध्ये सगळ्यांनी त्यांचं अभिनंदन केलं होतं, आणि त्यांनी ते घेतलं होतं.

“सर, आज काय, कॉलर टाइट,” जयवंतीबाई खुर्ची सरकवत म्हणाल्या. कार्यक्रमाचं सगळं त्याच बघत. “तुमचीच ना ही पोरगी?”

“छे हो. मुलं आपली आपणच शिकतात.”

हे वाक्य त्यांनी सकाळपासून मनात घोळवलं होतं. पण ते म्हणायचं होतं नंतर, मेलिसाने नाव घेतल्यावर, सगळ्या माना वळल्यावर.

कॅथरीन टीचर चहाचा कप घेऊन आल्या. त्याच शाळेत त्या इंग्रजी शिकवत. “साखर कमी घातलीय तुमच्यात, सर.”

“हं,” सर मान वर न करता म्हणाले.

या वसईच्या, मेलिसाचे आईवडीलही वसईचे. सकाळी चर्चमध्ये भेटत असणार, घरी येणंजाणं असणार. घरोब्यातून लिहिलं असेल मुलीने. नाहीतर ध्रुवाचा आणि इंग्रजीच्या बाईंचा काय संबंध? टीचर पहिल्या रांगेत जाऊन बसल्या. त्या नवी साडी नेसल्या होत्या असंही नाही. सरांनी मात्र शर्टाला स्वतः इस्त्री केली होती.

त्यांनी स्लाइड निवडली आणि काढून टाकली. सेव्ह करायचं का, असं लॅपटॉपने विचारलं. त्यांनी ‘हो’वर बोट दाबलं.

दिवे मालवले. मेलिसा छान बोलली. अडली की इंग्रजी शब्द वापरून पुढे जायची. तिकडे सामी नावाचे लोक रेनडियर पाळतात, ती म्हणाली. हिवाळ्यात रेनडियर खुरांनी बर्फ उकरून खालचं दगडफूल खातात.

“आपल्या गोड्या मसाल्यातलं?” जयवंतीबाईंनी विचारलं.

“त्याचाच भाऊ, आंटी.”

“अगं बाई. म्हणजे मसाला खाऊन जगतात.”

हॉल हसला. मेलिसाही हसली, मग म्हणाली की आता भर थंडीत पाऊस पडतो, पाणी गोठून बर्फावर काचेसारखा थर धरतो, आणि जनावरांना खालचं दगडफूल वासाने कळतं पण मिळत नाही. पुढे कुरणांवर पवनचक्क्या उभ्या राहतात. पृथ्वी वाचवायला. कुरण कुणाचं, हे विचारायची बैठक नंतर होते.

सर ऐकत होते. त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. त्यांनी बाण दाबला आणि पडदा काळा झाला.

मेलिसा त्या काळ्या पडद्याकडे बघत राहिली. “सर, अजून एक होती.”

“संपल्या,” सर म्हणाले. “राहिली असेल कॉपी करताना.”

तिने क्षणभर त्यांच्या दिशेने पाहिलं. “हरकत नाही. तोंडानेच सांगते.”

“गोनू वादळ आलं तेव्हा मी नववीत होते. आमचं घर तळमजल्यावर. पाणी कमरेपर्यंत होतं, आणि नंतर प्यायला पाणी नव्हतं. शाळा सुरू झाल्यावर वर्गात बर्फ वितळण्याचं काही चाललं होतं. मी एका सरांना विचारलं, तिथं कोण राहतं? त्यांच्या घरात पाणी गेलं तर ते कुठे जातात? सर म्हणाले, परीक्षेच्या पेपरात येत नाही ते. खाली बस.”

मागे कुणीतरी हसलं. सरांना तो दिवस आठवेना, तो प्रश्नही आठवेना. ते वाक्य मात्र ओळखीचं होतं. परवाच आठवीच्या वर्गात त्यांनी ते उच्चारलं होतं.

“मी मधल्या सुट्टीत रडत होते. कॅथरीन टीचरनी विचारलं काय झालं. म्हणाल्या, मलाही माहीत नाही गं, चल बघू. वर्षभर आम्ही शाळा सुटल्यावर लायब्ररीत बसायचो. वसईत आमच्या शेतांतून रस्ता काढला तेव्हा कुणी विचारलं नव्हतं, हेही त्यांनी मला तिथेच सांगितलं. म्हणून मी तिकडे गेले.”

टाळ्या वाजल्या. टीचर मान खाली घालून रुमालाने चष्मा पुसू लागल्या. सरांनीही टाळ्या वाजवल्या, इतरांपेक्षा जरा जास्त वेळ.

“आणि ते सर कोण गं?” जयवंतीबाईंना राहवेना. “नाव सांग की. आपल्याच शाळेतले ना?”

प्रोजेक्टरचा पंखा घरघरत होता. मेलिसाने मागे सरांकडे पाहिलं नाही. कॅथरीन टीचरही वळल्या नाहीत, पण त्यांचा चष्मा पुसणारा हात थांबला.

“ते आता इथे नाहीत, आंटी,” मेलिसा म्हणाली.

“बरं झालं, सुटली पोरं,” जयवंतीबाई उठल्या. “चला, समोसे गार होतायत. सर, दिवे लावता का जरा?”

सर उठून भिंतीपाशी गेले. बटण चाचपडावं लागलं नाही, बोट नेमकं त्याच्यावरच पडलं. तरी त्यांनी जरा वेळ लावला.